सिलिकॉन डॉल घ्यायची की टीपीई? वास, तेल आणि मटेरियलची उघड तुलना

सेक्स डॉलचा विषय घरात कोणी काढत नाही, मित्रांत काढला की चेष्टा होते, त्यामुळे माहिती मिळते ती फक्त विकणाऱ्याकडून आणि तो काय सांगणार, मेडिकल ग्रेड सर, एकदम नो स्मेल सर. मी रबर मोल्डिंगच्या लाइनमधला, सिलिकॉन आणि टीपीई (रबरासारखं मऊ पण गरम केलं की वितळणारं प्लॅस्टिक) दोन्ही रोज हाताखाली असतात, म्हणून मी फक्त मटेरियलवर बोलणार, घ्यावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण फुल साइज डॉल म्हणजे सहज तीस किलोच्या आसपासचा माल, तो बंद बेडरूममध्ये वर्षानुवर्षं राहणार आणि अंगाला लागणार, मग तो नेमका कशाचा आहे ते पैसे भरायच्या आधी कळलेलं बरं.

पहिला घोळ इथेच होतो की लोक विचारतात सिलिकॉन का टीपीई, जणू दोनच पर्याय आहेत. पर्याय तीन आहेत. टीपीई, प्लॅटिनम क्युअर सिलिकॉन आणि टिन क्युअर सिलिकॉन. क्युअर म्हणजे पातळ सिलिकॉन साच्यात घट्ट होणं, आणि ते घडवून आणणारा कॅटॅलिस्ट प्लॅटिनमचा की टिनचा, त्यावरून ही नावं. या तिसऱ्याचं नाव कोणी घेत नाही, जाहिरातीत दोघांनाही नुसतं सिलिकॉनच म्हणतात, आणि स्वस्तात सिलिकॉन मिळतंय म्हणून उडी मारणारे बऱ्याचदा तिथेच फसतात.

आधी टीपीई घेऊ. डॉलमधलं टीपीई म्हणजे साधारणपणे एसईबीएस नावाचं स्टायरीनवालं पॉलिमर आणि त्यात मुरवलेलं मिनरल ऑइल, आणि एवढा मऊपणा आणायचा तर पॉलिमरपेक्षा तेलच जास्त घालावं लागतं. हे तेल पॉलिमरला केमिकली जोडलेलं नसतं, नुसतं अडकलेलं असतं, त्यामुळे ते हळूहळू बाहेर येतच राहतं. नवीन डॉलला हात लावला की चिकट लागतं ते हेच. वास पण मुख्यतः इथूनच येतो, तेल चांगलं रिफाइंड व्हाइट ऑइल असेल तर वास सौम्य, थोडा मेणासारखा, आणि हलक्या दर्जाचं तेल असेल तर गॅरेजमध्ये उभं राहिल्यासारखं वाटतं. इथे मात्र वासाकडे दुर्लक्ष करू नका, कारण कॅन्सरवर काम करणाऱ्या आयएआरसीने कच्चं किंवा अर्धवट शुद्ध केलेलं मिनरल ऑइल ग्रुप १ मध्ये टाकलंय, म्हणजे माणसात कॅन्सर करतं हे सिद्ध, आणि अतिशुद्ध केलेलं ग्रुप ३ मध्ये, म्हणजे तसा ठपका ठेवण्याइतका पुरावा नाही. दोन्हीचं नाव मिनरल ऑइलच. युरोपात म्हणूनच अंगाला लागणाऱ्या रबर-प्लॅस्टिकच्या वस्तूंमध्ये पीएएच (कमी शुद्ध केलेल्या तेलात राहणारी, कॅन्सरशी जोडलेली केमिकल्स) प्रकारच्या आठ केमिकल्सवर प्रत्येकी किलोमागे १ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, २०१५ च्या डिसेंबरपासून. टीपीईवाल्याकडे रिपोर्ट मागायचा तर हा पीएएचचा मागा, बाकीचे नंतर.

अजून एक, एसईबीएसच्या ऐवजी स्वस्तातलं एसबीएस वापरलं असेल तर ते हवेने आणि उन्हाने लवकर खराब होतं, पिवळं पडतं, चिकट होतं आणि मग वास वाढत जातो. चांगल्या मालाचा वास दिवसागणिक कमी होतो, याचा उलटा प्रवास असतो.

आता सिलिकॉन. प्लॅटिनम क्युअरमध्ये दोन भाग मिसळले की ते एकमेकांना जोडले जातात आणि बाहेर काही टाकत नाहीत, प्लॅटिनम तर पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखात काही भाग असं मोजण्याइतकं असतं. म्हणून मेडिकल वस्तू, लहान बाळांच्या बाटलीची निपलं, चांगली बेकिंगची भांडी यात हेच वापरतात. टिन क्युअरमध्ये क्युअर होताना अल्कोहोल सुटतं, माल थोडा आकसतो, आणि ऑर्गॅनोटिन कॅटॅलिस्ट आतच राहतो. यातलं डायब्यूटाइलटिन प्रजननाच्या दृष्टीने घातक धरलं जातं आणि युरोपात २०१२ पासून सामान्य लोकांना विकायच्या वस्तूंत त्यावर मर्यादा आहे, वजनाच्या ०.१ टक्का टिन. शिवाय टिनवालं सिलिकॉन काही वर्षांनी स्वतःहून बिघडतं, कडक होतं, कोपऱ्यांना भेगा पडतात. साच्यांसाठी ठीक आहे, साचा काय दोन वर्षांनी फेकायचाच असतो. कॅलिफोर्नियात सुरू झालेली, रिअलडॉल नावाच्या डॉल बनवणारी कंपनी पण सुरुवातीला टिनच वापरायची, ती २००९ ला प्लॅटिनमवर आली, तेव्हा आज २०२० नंतरच्या डॉलमध्ये कोणी टिन विकत असेल तर ते फक्त पैसे वाचवायला.

प्लॅटिनमवाल्यालाही डोक्यावर बसवू नका पण. सिलिकॉन मऊ करायला त्यातही सिलिकॉन ऑइल घालतात, अंग जितकं जास्त लुसलुशीत तितकं तेल जास्त, आणि मग तेही थोडं घाम सोडतंच. दुसरं म्हणजे डी४, डी५, डी६ नावाचे हलके सायलॉक्सेन, म्हणजे सिलिकॉनचेच छोटे रेणू, ते सिलिकॉनमध्ये उरलेले असतात आणि हळूहळू उडत राहतात, युरोपने २०१८ ला त्यांना अतिचिंताजनक यादीत घातलं, मुख्यतः ते पर्यावरणात साचून राहतात म्हणून. खाण्याच्या संपर्कातला माल आम्ही मोल्डमधून काढल्यावर २०० डिग्रीला चार-चार तास ओव्हनमध्ये ठेवतो, पोस्ट क्युअर म्हणतात त्याला, पहिल्या तासात त्या ओव्हनच्या तोंडाशी उभं राहिलं की कळतं काय काय उडून जातं ते. आता आत सांगाडा, फोम, वरून मेकअप असलेला पाच फुटी पीस असा भाजून कोण देणार, म्हणून नवीन सिलिकॉन डॉलला पण थोडा वास असतोच आणि ज्याची जाहिरात शंभर टक्के वासरहित म्हणते तो एकतर सुगंध मारतोय नाहीतर थाप.

वासावरून विष ओळखता येतं हा समज आधी डोक्यातून काढा. थॅलेट, म्हणजे स्वस्त पीव्हीसी मऊ करायला जे घालतात ते, त्याला जवळजवळ वासच नसतो. ऑर्गॅनोटिन पण नाकाला कळत नाही. उलट बाथरूमच्या सिलिकॉन सीलंटला व्हिनेगरचा झणझणीत वास येतो पण तो अॅसिटिक अॅसिडचा, दोन दिवसांत उडून जातो. (कोणी फाटलेली डॉल त्या सीलंटने चिकटवली असेल तर सेकंडहँड घेताना हाच वास येईल, लक्षात ठेवा.) खराब तेलाचा गॅरेजवाला वास सोडला तर वासाचा उपयोग एकाच गोष्टीला, तो कमी होतोय की तसाच आहे की वाढतोय हे बघायला. पहिले आठ-पंधरा दिवस हवा खेळती ठेवून कमी झाला तर बरं लक्षण, महिन्याने तेवढाच राहिला किंवा डोकं दुखायला लागलं, डोळे चुरचुरायला लागले तर माल खराब, मग तो कुठल्याही नावाने विकला असो. दमा असेल तर तेवढे दिवस त्या खोलीत झोपू नका.

आता आपल्या हवामानाचं, हे परदेशी रिव्ह्यूमध्ये कधीच नसतं. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर दमट हवा, बंद कपाट, आणि टीपीई सच्छिद्र, पूर्ण निर्जंतुक करता येत नाही कारण उकळलं तर वितळतं. धुतल्यावर आत पाणी राहिलं की बुरशी, आणि तो कुबट वास एकदा मुरला की जात नाही. नागपूर-चंद्रपूरला ४५ डिग्री होतं तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेलं टीपीई तेल सोडायला लागतं, ज्या बाजूवर पडलंय ती बाजू चपटी होते. सिलिकॉनला उष्णतेचं काही पडलेलं नाही, २०० डिग्रीपर्यंत ते शांत असतं, पाणी पण आत जात नाही. मात्र मऊ सिलिकॉन फाटायला पटकन फाटतं, नखाने बारीक चीर गेली की ती पुढे पळते, टीपीई त्यामानाने ताणलं जातं आणि दुरुस्त पण सोपं होतं.

सिलिकॉनचा एक अवगुण कोणी सांगत नाही, ते दुसऱ्याचा वास ओढून घेतं. घरात सिलिकॉनचा उलथणा असेल तर हुंगून बघा, लसणाच्या फोडणीचा वास धुऊनही जात नाही. वायू आणि तेलकट रेणू त्यातून आरपार जातात. त्यामुळे कपाटात डांबरगोळ्या, धूप, रूम फ्रेशनर, सुगंधी साबण काही नको, महिनाभर त्याचाच वास येत राहील. टीपीईला तर या डांबरगोळ्यांचं नॅप्थालीन अजूनच लवकर मुरतं.

चिकटपणा घालवायला पावडर लावायची पद्धत आहे, टीपीईला तर लावावीच लागते. टॅल्कम नको, आयएआरसीने २०२४ ला टॅल्कला ग्रुप २ए मध्ये, म्हणजे बहुधा कॅन्सरकारक म्हणून टाकलंय आणि ती पावडर नाकात जातेच. कॉर्नफ्लोअर चालतं पण पावसाळ्यात ओल्या अंगावर कॉर्नफ्लोअर म्हणजे बुरशीला आयतं जेवण, आधी नीट कोरडं करा, पंख्याखाली, मग हलका हात. हे दर काही दिवसांनी करायचा कंटाळा असेल तर टीपीईच्या वाटेला जाऊ नका, हे मी मनापासून सांगतो, टीपीईचा खरा खर्च किमतीत नसतो, या उस्तवारीत असतो. आणि गडद जीन्स, काळे कपडे दोन्हीवर रंग सोडतात, टीपीईवर जास्त, डाग तेलात मुरतो आणि निघत नाही.

कागदपत्रांचं काय. विकणारा आरओएचएसचा रिपोर्ट दाखवेल, तो मुळात इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठीचा, त्यात शिसं, कॅडमियम आणि २०१९ पासून चार थॅलेट तपासतात, चांगलंच आहे पण तेल किती सुटतं, काय उडतं, त्वचेला काय होतं याबद्दल त्यात अक्षर नाही. सीई मार्क, म्हणजे युरोपच्या नियमांत बसतो असा शिक्का, तो तर बऱ्याचदा आतल्या हीटिंगच्या वायरिंगचा असतो. कामाचा स्टँडर्ड म्हणजे आयएसओ ३५३३, २०२१ ला आला, शरीराच्या नाजूक भागांशी थेट संपर्कात येणाऱ्या अशा वस्तूंसाठीच केलेला, आणि आयएसओ १०९९३ प्रमाणे त्वचेची जळजळ आणि अॅलर्जी तपासलेली असेल तर उत्तम. रिपोर्टवर कोणाच्या कंपनीचं नाव आहे, तारीख काय, आणि तपासलेल्या नमुन्याचा फोटो आहे का ते बघा, बऱ्याच वेळा रिपोर्ट असतो तो भलत्याच मालाचा किंवा नुसत्या कच्च्या सिलिकॉनचा, तयार रंगवलेल्या पीसचा नाही.

आणि भारतात मागवणार असाल तर कस्टम्सचा प्रश्न वेगळाच, अश्लील वस्तूंच्या आयातीवर १९६४ ची जुनी अधिसूचना अजून वापरात आहे, २०२४ ला मुंबई हायकोर्टाने बॉडी मसाजर त्यात बसत नाहीत म्हणून सोडवले पण ते मसाजर होते, डॉलचा निकाल नाही तो. माल अडकू शकतो आणि आला तर वास येतोय म्हणून परत पाठवणं जवळपास अशक्य. म्हणून पूर्ण पीसच्या आधी मटेरियलचा सॅम्पल तुकडा मागवा, बरेच बनवणारे देतात.

तो तुकडा आला की असं करा. साध्या टिश्यू पेपरवर ठेवा, वर एखादी वाटी वजनाला, रात्रभर. सकाळी कागद उजेडासमोर धरला तर टीपीईखाली तेलाचा पारदर्शक गोल दिसणारच, तो तुकड्याएवढाच आहे की दुप्पट पसरलाय ते बघा, सिलिकॉनखाली फार तर पुसट कडा दिसायला हवी, स्पष्ट गोल दिसला तर त्यात तेल ठासून भरलंय. मग तोच तुकडा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून दुपारभर उन्हात ठेवा आणि झाकण उघडल्या उघडल्या वास घ्या, नाक खुपसून नाही, हाताने वारा घेऊन. रॉकेल-डिझेलसारखा आला तर विषय संपला. एक बारीक कातरण चिमट्यात धरून गॅलरीत जाळा, सिलिकॉन पांढरी राख सोडतं, टीपीई वितळून टपकतं आणि काळा धूर येतो, म्हणजे सिलिकॉन म्हणून टीपीई गळ्यात मारलं का ते तिथेच कळेल. टिन का प्लॅटिनम हे यातून नाही कळणार, ते लेखी विचारावंच लागेल. उरलेला तुकडा कोपराच्या आतल्या बाजूला पट्टीने दिवसभर बांधून ठेवा, खाज किंवा लाल चट्टा आला तर तुमच्यासाठी तो माल नाही.

माझं मत विचाराल तर बजेट असेल आणि जागा दमट असेल तर प्लॅटिनम सिलिकॉन, डोळे झाकून. बजेट कमी असेल तर नामांकित कारखान्याचं चांगलं टीपीई घ्या आणि चार-पाच वर्षांत ते बदलावं लागेल हे धरून चाला. पण त्याच कमी बजेटात कोणी फुल सिलिकॉन देतोय म्हणाला तर टीपीईपेक्षा ते वाईट समजा. सिलिकॉन डोकं आणि टीपीई बॉडी असा जोड मिळतो तो चेहऱ्याच्या कामासाठी ठीक आहे, पण वासाचं आणि तेलाचं गणित बॉडीचंच राहतं, आणि मानेच्या जोडाशी तेल वर चढून डाग पडतो, तिथे सुती कापडाची चकती घालून ठेवायची आणि डोकं काढून वेगळं ठेवायचं.

विकणाऱ्याला चॅटवर एवढंच टाका: प्लॅटिनम का टिन, टीपीई असेल तर तेल कुठल्या ग्रेडचं, पीएएच रिपोर्ट कुठल्या तारखेचा, तयार पीसचा आहे का, आणि सॅम्पल ज्या बॅचचा त्याच बॅचचा माल देणार का.