केमोकाइनच्या नावाखाली अल्ब्युमिन: संशोधक विद्यार्थ्यांनो, वायल तपासून घ्या

प्रयोग फसला की विद्यार्थी आधी स्वतःलाच दोष देतो, आणि फसवणाऱ्याचा धंदा याच सवयीवर चालतो. नाशिकच्या आमच्या प्रयोगशाळेला रिकॉम्बिनंट केमोकाइन, म्हणजे पेशींना आपल्याकडे ओढणारं, प्रयोगशाळेत बनवलेलं प्रोटीन, म्हणून एका वायलीत (छोट्या बाटलीत) जे विकलं गेलं, त्याची हकीकत मी सविस्तर लिहिते आहे. त्याच विक्रेत्याची कोटेशनं शहरात इतरत्रही गेल्याचं नंतर कळलं, आणि ग्रँट संपवण्याची मार्च एंडची घाई तर दरवर्षीची.

माझी एक विद्यार्थिनी क्षयरोगावर पीएचडी करते. क्षयाच्या रुग्णांच्या रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशी संसर्गाच्या दिशेनं किती जोमानं सरकतात, हा तिचा प्रश्न. गल्लीत कुठं भजी तळली की वासाच्या दिशेनं पावलं वळतात, तशा या पेशी सीसीएल२ नावाच्या केमोकाइनमागे जातात. जुन्या लोकांना ते एमसीपी-१ म्हणून माहीत असेल. अवघी ७६ अमिनो आम्लं, वजन सुमारे ८.६ किलोडाल्टन. पेशीवरच्या सीसीआर२ या रिसेप्टरला, म्हणजे संदेश घेणाऱ्या प्रोटीनला, ते जाऊन बसलं की पेशी हलते. हे मोजायची पद्धत बॉयडन यांनी १९६२ साली दिली आणि आजही मूळ कल्पना तीच आहे: वरच्या कप्प्यात पेशी, खालच्या कप्प्यात केमोकाइन, मध्ये बारीक छिद्रांचा पडदा. पडदा ओलांडून किती पेशी खाली आल्या ते मोजायचं.

यासाठी लागणारं प्रोटीन बहुधा ई. कोलाय जिवाणूत मानवी जीन घालून तयार करतात, त्याची घडी नीट बसवतात, शुद्ध करतात आणि फ्रीज-ड्राय करून पाठवतात. वायलीत असतं १० मायक्रोग्रॅम. म्हणजे अस्सल वायलसुद्धा हातात घेतली तर रिकामीच वाटते. आत काय आहे हे डोळ्यांना कळत नाही, लेबलावर विश्वास ठेवूनच सगळा व्यवहार चालतो.

पैसे ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवे होते. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं आली. परदेशी कंपनीच्या अधिकृत वितरकानं सहा ते आठ आठवडे सांगितले. हा तिसरा विक्रेता म्हणाला, माल मुंबईत तयार आहे, आठवड्यात हातात देतो. आणि दर जवळजवळ एक तृतीयांशानं कमी. खरेदी समितीच्या नियमात सर्वांत कमी दराला ऑर्डर जाते, तशी ती गेली. कोटेशनमध्ये ‘कॅरियर-फ्री’, म्हणजे टिकवण्यासाठी दुसरं कुठलंही प्रोटीन न मिसळलेलं, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्यानंच चोर पकडून दिला.

थर्माकोलचा डबा आला तेव्हा आतल्या जेल पॅकचं पाणी झालं होतं. “मॅडम, फ्रीज-ड्राइड आहे, काही होत नाही,” असं तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. वाळवलेलं प्रोटीन थोडे दिवस बाहेर राहिलं तरी सहसा टिकतं. त्याची बहुतेक वाक्यं अशीच अर्धी खरी असायची.

पेशी हलल्या नाहीत. खाली नुसतं माध्यम ठेवलं काय आणि केमोकाइन ठेवलं काय, आकडे सारखेच. विद्यार्थिनीनं त्याला फोन केला तर तो तिलाच शिकवायला लागला. ताई, तुम्ही व्होर्टेक्स केलं असणार, म्हणजे यंत्रावर जोरात घुसळलं असणार. ताई, प्लास्टिकला चिकटलं असणार. पेशी जुन्या झाल्या असतील. मात्रा जास्त झाली असेल. यातलं काहीच अशक्य नव्हतं. अगदी पातळ द्रावणातलं प्रोटीन नळीच्या भिंतीला खरंच चिकटतं. केमोकाइनची मात्रा एका हद्दीपलीकडे गेली की पेशींचं सरकणं खरंच कमी होतं, आलेखाला घंटेसारखा आकार येतो. शिवाय ही प्रोटीनं इतकी नाजूक, की सीसीएल५ या भावंडाच्या सुरुवातीला जिवाणूतून आलेलं एक जादा मेथिओनिन राहून गेलं तर ते पेशी हलवायच्या ऐवजी रिसेप्टर अडवून बसतं, हे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेलं आहे. जिथं बिघडायला इतकी खरी कारणं आहेत, तिथं खोटेपणाची शंका कोण घेणार? ती पोरगी रात्री उशिरापर्यंत थांबून तेच ते पुन्हा करत राहिली.

आणि प्रत्येक वेळी रक्त लागत होतं. क्षयाचे उपचार नुकतेच सुरू झालेली माणसं, अंगात ताकद नाही, तरी संमतीपत्रावर सही करून त्यांनी दंड पुढे केला होता. त्यांच्या पेशी आम्ही पाण्यासारख्या द्रावणावर वाया घालवल्या. पैशाचं मला फारसं वाटत नाही. या रक्ताचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी पुण्याच्या एका मैत्रिणीच्या लॅबमधून थोडं सीसीएल२ उसनं आणलं. पुण्याच्याच एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेतून आणलेल्या टीएचपी-१ या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मोनोसाइटसारख्या पेशींवर (सेल लाइनवर) दोन्ही प्रोटीनं एकाच प्लेटमध्ये शेजारी शेजारी लावली. उसन्या प्रोटीनकडे पेशी भराभर उतरल्या, आमच्याकडे ढिम्म. पेशी ठीक होत्या, हातही ठीक होता.

मग लहान प्रोटीनांसाठी करतात तसं, प्रोटीनं वजनानुसार वेगळी करून दाखवणारं ट्रायसिन जेल चालवलं. आमच्या खान्यात १० किलोडाल्टनच्या खाली काही नाही, आणि ६६ च्या जवळ जाडजूड निळा पट्टा. ६६ म्हणजे बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन, बीएसए, गाईच्या रक्तातलं प्रोटीन. विक्रेता तयारच होता: “कॅरियर आहे तो मॅडम, टिकावं म्हणून घालतात.” हेही अर्धं खरं. काही कंपन्या केमोकाइनच्या पन्नासपट बीएसए घालतात, आणि त्या गर्दीत छोटा पट्टा जेलवर दिसत नाही. पण मग कॅरियर-फ्री लिहिलेल्या आणि प्रमाणपत्रावर ९७ टक्के शुद्ध म्हटलेल्या मालात बीएसए आलंच कुठून? वादाला जागा राहू नये म्हणून एलायझा, म्हणजे अँटिबॉडीनं नेमकं तेच प्रोटीन मोजणारी चाचणी, केली. लेबल खरं असतं तर आमच्या द्रावणानं त्या किटची मोजमर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली असती. रीडिंग आलं ब्लँकइतकं, म्हणजे सीसीएल२ न घातलेल्या नमुन्याइतकं.

नंतर वायल भिंगाखाली धरली. स्पिरिटचा बोळा फिरवल्यावर लेबलाचा कोपरा सुटला, आणि चिमट्यानं सोलत गेल्यावर खाली दुसऱ्या लेबलाचा खरवडलेला कागद निघाला. त्यावर ‘२ ते ८ अंशांत ठेवा’ एवढंच वाचता येत होतं. वरच्या लेबलावर मात्र उणे २० होतं. लॉट नंबर मूळ कंपनीच्या तांत्रिक विभागाला ईमेलनं कळवला. उत्तर आलं की या कॅटलॉग नंबरखाली असा लॉट कधी निघालेलाच नाही आणि हा विक्रेता त्यांचा वितरक नाही.

एवढं पुढ्यात ठेवल्यावर त्यानं ‘बदली वायल’ पाठवली, आणि ती मला पहिलीपेक्षा घातक वाटते. कारण तिनं काहीतरी केलं. मोनोसाइटनी टीएनएफ हा दाह वाढवणारा रेणू भरभरून सोडला. आमची विद्यार्थिनी खूश झाली, पण मला ते खटकलं, कारण सीसीएल२ चं मुख्य काम पेशी हलवण्याचं आहे, इतका टीएनएफ ओतवण्याचं नव्हे. ते काम जिवाणूच्या भिंतीतल्या एंडोटॉक्सिनचं. ई. कोलायमध्ये बनवलेलं प्रोटीन नीट शुद्ध केलं नाही तर ते मागे राहतं. एंडोटॉक्सिनला बांधून ठेवणारं पॉलिमिक्सिन बी घालताच टीएनएफ एकदम खाली आला. उकळून पाहायची चाचणी इथं पुरेशी नाही, कारण एंडोटॉक्सिन उष्णतेला दाद देत नाही आणि डायसल्फाइड बंधांमुळे केमोकाइनही बऱ्यापैकी तग धरतात.

अंबडच्या एका औषध कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) असलेल्या माजी विद्यार्थिनीनं एंडोटॉक्सिन ओळखणारी एलएएल चाचणी करून दिली. एंडोटॉक्सिन असेल तर मिश्रण गोठतं. हॉर्सशू खेकड्याच्या रक्तपेशींचा अर्क आणि नमुना एका बारीक नळीत, ३७ अंशांवर एक तास. तिनं नळी पूर्ण उलटी केली. आतला गोळा तळाला घट्ट चिकटून राहिला, थेंबभरही घसरला नाही. आमचं द्रावण कितीतरी पातळ करूनही तसंच. ही वायल तपासली नसती तर एखाद्या शोधनिबंधात ‘सीसीएल२ मुळे टीएनएफ वाढतो’ असं छापून आलं असतं आणि दुसरी मुलं त्यावर वर्षं घालवत बसली असती.

कॉलेजनं उरलेलं बिल थांबवलं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत तक्रार दिली आहे. सोललेलं लेबल, जेलचा फोटो, एलायझाची रीडिंगं आणि कंपनीचा ईमेल असं सगळं जोडलं आहे. तुम्हालाही शंका आली तर वायल, डबा आणि कुरियरची पावती यातलं काहीही टाकू नका.

आता आमच्या खरेदी आदेशात तीन अटी ठरलेल्या आहेत. मूळ कंपनीचं चालू वर्षाचं अधिकृत वितरकपत्र हवं. त्याच लॉटचं प्रमाणपत्र हवं, आणि त्यात पेशींवर मोजलेली क्रियाशीलता व एंडोटॉक्सिनचं प्रमाण दोन्ही हवं. आणि पैसे प्रयोगशाळेनं वायल तपासल्यावरच. ‘मार्चमध्ये हे बसत नाही’ असं लेखा विभाग म्हणतो. पण ऑर्डर डिसेंबरात गेली तर बसतं, हे मी त्यांना दाखवून दिलं. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर फुकट तपासता येतो, तेही कोटेशन हातात येताच करा. नवी वायल रुग्णांच्या रक्तावर थेट वापरू नका, आधी सेल लाइनवर खात्रीच्या जुन्या लॉटशेजारी लावा. आणि मार्गदर्शकांना विनंती, की विद्यार्थ्याला पुन्हा कर म्हणण्याआधी एकदा वायलीचं जेल चालवा.

नाशिकमधल्या कुणालाही आपली वायल तपासून घ्यायची असेल तर सीसीएल२ ची एलायझा लावताना त्यासाठी प्लेटमधल्या दोन वेल (खळग्या) आम्ही मोकळ्या ठेवतो. लेबलासकट आणा.