हिरव्याचे पिवळे होताना : झोनबदलाच्या हरकत-सुनावणीचे परीक्षण

आमच्या नगर परिषदेच्या हद्दीत ओढ्याला लागून असलेली ११ एकर जमीन शेती विभागातून (नकाशात हिरवा) काढून रहिवास विभागात (नकाशात पिवळा) घेण्याचा प्रस्ताव गेल्या वर्षी आला. तेथे भूखंड पाडून वसाहत उभी करायची आहे, हे गावात कोणापासूनच लपलेले नव्हते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे मंजूर विकास आराखड्यातील अशा फेरबदलावर सूचना निघाल्यापासून एका महिन्याच्या आत कोणीही हरकत घेऊ शकतो. कायद्याने दिलेली ही सोय नागरिकांना द्यायची सेवाच आहे, आणि तिचे परीक्षण मी त्याच दृष्टीने करत आहे.

सुरुवात निराशेची झाली. वृत्तपत्रातील जाहीर सूचनेत केवळ गट क्रमांक होते; ओढ्याचे किंवा आमच्या आळीचे नाव त्यात नव्हते, त्यामुळे ती वाचूनही ही आपल्या शेजारची जमीन आहे, हे अनेकांच्या लक्षात आले नाही. कार्यालयातील फलकावरचा नकाशा इतका बारीक होता की ओढा आणि पाणंद यांतला फरकच कळत नव्हता. दुसऱ्या खेपेला मात्र एका लिपिकाने मोठा नकाशा टेबलावर पसरून एकेक गट बोट ठेवून दाखवला. आवक-जावक विभागानेही शिक्का व क्रमांकासह पोच पाच मिनिटांत दिली. या दोघांबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

सुनावणीची वेळ ११ ची होती आणि पहिले नाव पुकारले गेले एक वाजून गेल्यावर. आम्ही ४३ हरकतदार होतो आणि प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटे मिळाली. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) २०२१ च्या प्रारूप आराखड्यावर सुमारे ६७ हजार हरकती-सूचना आल्या होत्या (तो आराखडा २०२५ मध्ये शासनाने रद्दच केला). तेवढ्या गर्दीत माणशी तीन मिनिटे समजण्यासारखी आहेत, पण ४३ जणांनाही तीनच मिनिटे का, ते कळले नाही. अधिकारी सौजन्याने वागले आणि मध्ये कोणालाही तोडले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

आमचे प्रश्न साधे होते. १८० भूखंड पडले, प्रत्येकावर तीन मजले चढले आणि मजल्यागणिक पाच माणसे धरली, तर माणशी १३५ लिटरच्या प्रचलित निकषाने रोज ३,६४,५०० लिटर पाणी लागेल. आज एक दिवसाआड पाणी मिळणाऱ्या गावात ते कोठून येणार? पावसाळ्यात शेतात पसरणारा ओढा भराव पडल्यावर कोणाच्या अंगणात शिरणार? बैलगाडीपुरत्या पाणंदीवरून बांधकामाचे डंपर कसे जाणार? रेखांकनात, म्हणजे भूखंड पाडण्याच्या नकाशात, १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते, म्हणजे येथे ४४ गुंठे. ती मुलांना खेळता येईल अशा सपाटीवर असेल, की कोणी विकत घेणार नाही अशा ओढ्याच्या उतारावर?

या सर्वांना एकच उत्तर मिळाले : आज फक्त विभाग बदलाचा विषय आहे, बाकीचे रेखांकन मंजुरीच्या वेळी पाहू. या सेवेचा खरा दोष येथे आहे. रेखांकन मंजूर करताना जाहीर हरकती मागवल्या जात नाहीत. ते काम अर्जदार आणि कार्यालय यांच्यातच उरकते. म्हणजे दार उघडे असते तेव्हा आकडे समोर नसतात आणि आकडे समोर येतात तेव्हा दार लागलेले असते. फेरबदलाने बाधित होणाऱ्यांना स्वतंत्र नोटीस द्यावी, असेही कलम ३७ सांगते. परंतु आमच्याकडे ती केवळ सातबाऱ्यावर नाव असलेल्यांना पोचली. ज्याची विहीर बांधापलीकडे आहे, तो बाधित नाही काय?

दोन महिन्यांनी पत्र आले : 'हरकती विचारात घेऊन प्रस्ताव शासनास सादर करण्यात आला आहे.' कोणती हरकत मान्य झाली, कोणती अमान्य आणि का, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. पाचपैकी दोन गुण देतो, आणि त्यांतला दीड आवक-जावक टेबलाचा आहे.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी सामूहिक निवेदनावर विसंबून न राहता प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज द्यावा, त्यासोबत ओढ्याच्या पुराची तारखेसह छायाचित्रे जोडावीत आणि तोंडी बोललेले सर्व त्याच दिवशी लेखी देऊन त्याचीही पोच घ्यावी.