‘स्पीड १४’च्या नावाखाली गळ्यात मारलेल्या तीन डिस्क

मुंबईत डिस्क गोल्फ (चेंडूऐवजी डिस्क फेकून ती साखळ्यांच्या बास्केटमध्ये घालायची) खेळणारे थोडे, आणि त्याचं सामान विकणारे त्याहून थोडे. धोबी तलावच्या दुकानांत डिस्क मागितली की अल्टिमेट या सांघिक खेळाची मोठी फ्रिस्बी पुढे करतात, साधारण २७ सेंटिमीटर व्यासाची, १७५ ग्रॅमची. वस्तू चांगली, पण आपल्याला हवा असतो ड्रायव्हर, म्हणजे लांब टाकायची डिस्क: व्यास २१ सेंटिमीटरच्या आसपास, काठ रुंद आणि कडेला निमुळता. परदेशातून मागवावा तर कुरिअर आणि कस्टमचाच आकडा बघून पोटात गोळा येतो. या अडचणीवर सध्या एक गृहस्थ मजेत जगतायत. मला त्यांनी साडेआठ हजारांची टोपी घातली. त्यांचं नाव आणि नंबर तक्रारीत दिलेत, इथे देत नाही. त्यांची धंद्याची रीत मात्र सविस्तर सांगतो, कारण नंबर ते बदलत असतात.

खेळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे गृहस्थ गप्प असतात. कुणी नवखा म्हणाला की ‘माझी डिस्क साठ मीटरच्या पुढे जातच नाही’, की त्याला लगेच खासगी मेसेज येतो. मलाही तसाच आला. “दादा, हात छान आहे तुमचा. डिस्क चुकीची आहे.” हात त्यांनी बघितला होता कधी, कोण जाणे. मग फोन. फोनवर गणित इतकं सोपं की शंका घ्यायला जागाच उरू नये: स्पीड सात म्हणजे सत्तर मीटर, स्पीड चौदा म्हणजे एकशेचाळीस. वर पुस्ती, “अमेरिकेत एका पोराने तीनशे अडतीस मीटर टाकलीय, स्पीडवाल्या डिस्कनेच.”

ही शेवटची गोष्ट खरी आहे, म्हणून तर ती घातक. डेव्हिड विगिन्स ज्युनियरने २०१६ साली नेवाडाच्या वाळवंटात ३३८ मीटरचा विक्रम केला होता. पण वारा सोसाट्याचा होता आणि मुद्दाम त्या वाऱ्यासाठीच तिथे जमले होते सगळे. हा भाग आपले गृहस्थ गाळतात. सात-चौदाचं गणित तर शुद्ध थाप आहे.

डिस्कवर चार आकडे असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न, फेड. स्पीड म्हणजे ती किती लांब जाईल हे नव्हे. आखल्याप्रमाणे उडायला ती किती जोरात सुटली पाहिजे, ते. सायकलच्या सगळ्यात मोठ्या गिअरसारखं आहे हे, पायात जोर नसेल तर वेग वाढत नाही, उलट सायकल थांबते. ग्लाइड म्हणजे हवेत तरंगून राहण्याची ताकद. टर्न उणे असेल तर उजव्या हाताने बॅकहँड टाकलेली डिस्क सुरुवातीला उजवीकडे झुकते, आणि वेग संपत आला की फेडच्या आकड्याप्रमाणे डावीकडे वळून पडते. नवख्याच्या हातून स्पीड तेरा-चौदाची डिस्क पुरेशा वेगाने सुटतच नाही. टर्नची पाळी येत नाही, नुसता फेड उरतो: निघाली, डावीकडे मुरडली, धप्प. कमी स्पीडची डिस्क त्याच हाताला जास्त लांब जाते. नवखा माणूस नेमका उलटं समजून बसलेला असतो आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

डेमो मात्र झकास होता. जुहूला, ओहोटीच्या वेळी, दुपार कलल्यावर. त्या वेळी तिथे वारा वायव्येकडून येतो. गृहस्थ वर्सोव्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले, तोंड दक्षिणेला, म्हणजे वारा जवळजवळ पाठीवर. पिशवीतून एक निळी, ओरखडे पडलेली डिस्क काढली, चार पावलं पळत येऊन सोडली. भेळवाल्याचं पोरगंसुद्धा बघत राहिलं. आधी किंचित उजवीकडे, मग सरळ, मग अलगद डावीकडे, आणि कुठच्या कुठे. “हीच देतोय तुम्हाला, फक्त नवी कोरी.” जीपे तिथल्या तिथे, आणि तेही त्यांच्या नव्हे, कुणा ‘भावाच्या’ खात्यावर. बिल मागितलं तर “इम्पोर्टचा माल आहे दादा, बिल लावलं तर तुम्हालाच महाग पडेल.” हातात तीन सीलबंद पाकिटं आली: लाल, पिवळी, हिरवी. तीन नावं, तीन वेगवेगळे आकडे, सगळ्यात मोठा स्पीड चौदा.

पाठीवरच्या वाऱ्याचा भाग एक वेळ सोडून देऊ. खरी मेख त्या निळ्या डिस्कमध्ये होती. वापरून झिजलेली डिस्क नव्या डिस्कपेक्षा जास्त अंडरस्टेबल होते, म्हणजे उजवीकडे झुकायला राजी होते आणि डावीकडे पडायची घाई कमी करते. त्यामुळे ‘हीच, फक्त नवी’ हे वाक्य खऱ्या मालाच्या बाबतीतसुद्धा खोटंच ठरलं असतं. इथे तर माल वेगळाच होता.

लाल डिस्क शिवाजी पार्कात टाकली तेव्हा ती इतक्या घाईने डावीकडे वळली की नेटमध्ये सराव करणाऱ्या मुलांच्या किटबॅगांवर जाऊन आदळली. त्यांचे सर जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही, आणि बरोबरच बोलले. कडक काठाची वजनदार डिस्क पोराच्या कानशिलावर लागली असती तर काय झालं असतं? पिवळी आणि हिरवी हुबेहूब तशाच पडल्या. टर्न उणे तीन आणि टर्न उणे एक लिहिलेल्या डिस्क एकाच रेषेत पडतात हे काही पटेना.

माझा एक मित्र कामानिमित्त काही वर्षं फिनलंडला होता. तिथे हा खेळ गावोगावी आहे. तो घरी आला, डिस्क टाकून बघायच्या भानगडीतच पडला नाही. तिन्ही जेवणाच्या टेबलावर उपड्या ठेवल्या आणि माझ्या बायकोकडे केकच्या सामानाचा वजनकाटा मागितला. लाल डिस्कच्या आत मार्करने १७२ लिहिलेलं. काटा म्हणाला १८८. (मार्करने हाताने वजन लिहिण्यात वावगं काही नाही, मोठ्या कंपन्याही तसंच लिहितात. म्हणून तर ते खोटं लिहिणं सोपं.) पिवळी आणि हिरवी ग्रॅम-दोन ग्रॅम इकडेतिकडे. मग त्याने मला डोळे मिटून आतल्या कडेवरून बोट फिरवायला सांगितलं. एका जागी प्लास्टिकचा बारीकसा कोंब बोटाला टोचला. दुसऱ्या डिस्कवर त्याच जागी. तिसरीवरही. तीन ‘मॉडेलं’ एकाच साच्यातून निघालेली होती, फक्त रंग निराळे. वरचं चित्र नखाने उचकटलं तर सोललं गेलं, कारण तो फॉइलचा ठसा नव्हता, स्टिकर होता. खाली जिथे साच्याचं नाव उठावात असतं तिथे पॉलिश पेपर मारल्यासारखं खरबरीत.

आता जे लिहितोय ते कुणीही घरी तपासू शकतं, म्हणून नीट वाचा. या खेळाची पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) नावाची संघटना आहे, एड हेड्रिक यांनी १९७६ साली अमेरिकेत सुरू केलेली. साखळ्यांची बास्केटही त्यांनीच आणली. या संघटनेचा नियम असा की डिस्कचं वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त नको. माझ्या डिस्कचा व्यास २१.३ भरला. गुणाकार केला तर १७६.८ ग्रॅम. माझ्या हातात १८८. म्हणजे ड्रायव्हरच्या आकाराची ही डिस्क ‘टूर्नामेंट ग्रेड’, म्हणजे स्पर्धेत चालणारी, असणं गणितातच बसत नाही. ‘वजनदार ड्रायव्हर, १८० ग्रॅम प्लस, वाऱ्यात भारी’ असं कुणी विकत असेल तर तिथेच नमस्कार करा.

दुसरं माप काठाच्या रुंदीचं. स्पीडचा आकडा मुख्यतः त्यावर ठरतो: सहा-सातच्या फेअरवे ड्रायव्हरचा काठ साधारण दीड ते पावणेदोन सेंटिमीटर, तेरा-चौदाच्या डिस्टन्स ड्रायव्हरचा सव्वादोन ते अडीच. २.६च्या वर नियमानेच जाता येत नाही. माझी ‘स्पीड चौदा’ व्हर्नियर कॅलिपरवर १.९ भरली. म्हणजे फसवणुकीतही फसवणूक, चौदाची म्हणून चौदाचीसुद्धा दिली नव्हती! पीडीजीएच्या संकेतस्थळावर मंजूर डिस्कची यादी सगळ्यांसाठी खुली आहे, प्रत्येकीचा व्यास, काठाची रुंदी आणि कमाल वजन देऊन. हिरव्या डिस्कवरचं नाव त्या यादीत नव्हतंच. पाकिटावरही बघा. आयात केलेल्या वेष्टनबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत छापणं आपल्या कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या पाकिटावर नुसता ‘प्रो’ शब्द सोनेरी अक्षरांत.

गृहस्थांना फोटो पाठवले. आधी उत्तर आलं, “दादा, हात बसायला वेळ लागतो.” वजनकाट्याचा फोटो गेल्यावर सूर पालटला: “घरचे काटे चुकतात.” मग अचानक पैसे परत द्यायची तयारी, आणि सोबत एक क्यूआर कोड. स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. तसं लिहिलं तेव्हा ब्लॉक झालो, आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपमधूनही बाहेर.

मित्राने जाताना त्याची लेपर्ड नावाची जुनी डिस्क ठेवली. आकडे ६, ५, उणे २, १. त्याच हाताने, त्याच पार्कात ती लाल डिस्कच्या बरीच पुढे गेली आणि सरळ गेली. लांबी हवी असेल तर नवख्याने स्पीड सहा ते नऊच्या आत राहावं, टर्न उणे दोन-तीन, फेड एक, वजन १५० ते १६५ ग्रॅम. प्लास्टिक सुरुवातीला साधंच घ्यावं. महागडं प्लास्टिक टिकतं जास्त, पण त्यात तीच डिस्क बहुधा जरा हट्टी निघते, डावीकडे लवकर वळते. आणि सोडताना डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, वर गेलं तर कुठलाच आकडा मदतीला येत नाही, ती वर चढते आणि डावीकडे कोसळते. मित्राच्या मते निम्मी लांबी तिथेच वाया जाते. विकत घेण्याआधी कुणाची तरी डिस्क मागून टाकून बघा. या खेळातली माणसं एरवी देतात.

तक्रारीचं सांगतो. पैसे गेल्याचं लक्षात येताच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा, जितक्या लवकर तितकं बरं, कारण पैसे पुढे सरकायच्या आत गोठवले तरच हाताला लागतात. माझं कळायलाच उशीर झाला, तोवर ‘भावाचं’ खातं रिकामं होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे तक्रार नोंदली, पण समोरचा पत्ता नसलेला माणूस असल्यावर त्यांचेही हात बांधलेले. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, मुदत दोन वर्षांची आहे, आणि एकाच माणसाने फसवलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने मिळून एक तक्रार करता येते.

त्याच जुहूच्या डेमोच्या व्हिडिओवर, नव्या नंबरवरून, हल्ली ‘स्पीड १५’चा सेट विकला जातोय. ज्यांनी ज्यांनी असा सेट घेतलाय त्यांनी वैतागून डिस्क फेकून देऊ नका. पाकिटासकट ठेवा, काट्यावर ठेवून फोटो काढा, जीपेचा व्यवहार क्रमांक आणि गप्पांचे स्क्रीनशॉट जपा, आणि मला कळवा. आतल्या कडेला तोच कोंब सापडला तर आपली तक्रार एकच आहे.