सीजे-३बी, डिझेल इंजिन आणि ४.२७ चे अ‍ॅक्सल: सहा महिन्यांनंतर

सीजे-३बी या जुन्या जीपमध्ये डिझेल बसवलेल्या माणसाला इंजिनाबद्दल विचारा, तासभर बोलेल. अ‍ॅक्सलबद्दल विचारलं की "जुनेच आहेत" म्हणून विषय संपतो. पैसे तिथे घालावेत, असं मी आता ठामपणे म्हणेन.

मूळ पेट्रोल हरिकेन इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांपर्यंत फिरायचं, म्हणून ५.३८ चा क्राउन-पिनियन (अ‍ॅक्सलमधली दातेरी जोडी; ५.३८ हा तिचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे) त्याला शोभायचा. मी बसवलेलं प्यूजो परवान्याचं एक्सडी३पी, २४९८ सीसी, दोन हजारांच्या आसपासच खुशीत असतं, म्हणून अ‍ॅक्सल ४.२७ चे घातले. टायर ६.००-१६, व्यास साधारण ७२ सेंमी. ताशी ६० ला टॉप गिअरमध्ये ५.३८ वर इंजिनाला मिनिटाला २३८० फेरे घ्यावे लागतात, ४.२७ वर १८९०. ऐंशीला ३१७० आणि २५२०. कराडपर्यंत जाऊन आलं की हा फरक कानाला कळतो.

पाच गिअरचा बॉक्स घालून जुने अ‍ॅक्सल ठेवणं हा दुसरा मार्ग. पाचवा गिअर ०.८ चा असला तर ५.३८ शी गुणाकार ४.३ येतो, म्हणजे गोष्ट तीच. पण या जीपचा व्हीलबेस जेमतेम ८० इंच. बॉक्स लांबला की मागचा प्रोपेलर शाफ्ट (बॉक्सकडून अ‍ॅक्सलकडे जोर नेणारा दांडा) आखूड होतो, त्याचा कोन वाढतो आणि त्याच्या टोकाच्या सांध्यांतले क्रॉस लवकर जातात. शिवाय स्वस्तात मिळणारे बॉक्स बहुतेक टू-व्हील ड्राइव्हचे. त्यांच्या शेपटीला ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला जोर वाटणारा डबा) बसत नाही. म्हणून चार गिअरचा, फोर-बाय-फोरचाच बॉक्स ट्रान्सफर केससकट घेतला. अ‍ॅक्सलही डिफरन्शियल (क्राउन-पिनियनचा गोळा) एका बाजूला असलेलेच हवेत, कारण मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमधून मधोमध निघत नाही. आणि पुढचा-मागचा रेशो एकच. नाहीतर फोर-व्हील टाकली की दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतात.

सपाटीवर गाडी सुखाची झाली. कुंभार्ली घाटात मात्र तिसऱ्या-चौथ्यातलं अंतर जाणवतं: तिसऱ्यात ओरडते, चौथ्यात दम टाकते. मी तिसराच धरतो. शेताच्या चिखलात ट्रान्सफर केसची लो रेंज (हळू पण जोरकस गिअर) आहे, तक्रार नाही. जुन्या तीन गिअरच्या बॉक्सचा पहिला २.८ चा होता, याचा त्याहून बराच खोल, म्हणजे मोठ्या रेशोचा आहे, त्यामुळे अ‍ॅक्सल बदलून गेलेला जोर परत मिळाला.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवरून येते, त्यामुळे काटा आता कमी दाखवतो. चाळीस दिसले की गाडी पन्नासला असते. मी सव्वापट धरतो. दुसरी जास्त गंभीर. हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागे, म्हणजे त्याची पकडही अ‍ॅक्सलच्या रेशोने गुणली जाते. ४.२७ वर ती साधारण पाचव्या हिश्श्याने घटली. घाटात उभी करताना चाकाला दगड लावल्याशिवाय मी उतरत नाही.

(इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ते काम इंजिन उचलण्याआधी करा.)

भंगारवाल्याच्या तोंडी रेशोवर जाऊ नका. सुट्या अ‍ॅक्सलचं एक चाक घट्ट धरून ठेवा आणि दुसरं दोन पूर्ण फेरे फिरवा. पिनियन सव्वाचार फिरला तर ४.२७, पाचाला जरा कमी पडला तर ४.८८, साडेपाचाच्या जवळ गेला तर तुमच्याकडे आहे तोच माल.