प्रागमध्ये फसवणूक पाटीवरच लिहिलेली असते

प्रागला निघालेल्या माणसाला सगळे खिसेकापूंची भीती घालतात. भीती खोटी नाही. 22 नंबरच्या ट्रॅममध्ये आणि दर तासाला खगोलीय घड्याळाखाली माना वर करून उभ्या राहणाऱ्या गर्दीत खिसे हलके होतात. पण खिसेकापू निदान लपून नेतो. इथले मोठे फटके हातात पावती देऊन बसतात.

दिवाळीच्या सुट्टीत व्हिएन्ना-प्राग-बुडापेस्ट करणारे आपले प्रवासी बहुधा युरो घेऊन येतात. चेकिया युरोपियन युनियनमध्ये असला तरी चलन कोरुना. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचलं की बँकांच्या शाखा बंद झालेल्या असतात आणि बहुतेक सोमवारपर्यंत उघडत नाहीत. उघडी असतात ती पैसे बदलून देणारी दुकानं. काहींच्या पाटीवर ठळक अक्षरांत 'कमिशन 0%' आणि खाली छान दिसणारा दर असतो. शून्य कमिशन खरंच असतं. तो दर मात्र दुकान ज्या भावाने युरो विकतं त्याचा. तुम्ही युरो देणार, म्हणजे तुम्हाला दुकानाचा खरेदीचा दर लागणार आणि तो बारीक अक्षरांत असतो. समजा बाजारात युरोला 24.50 कोरुना मिळतात. पाटीवर 24.90 झळकतं, हातात पडतात 17 च्या हिशेबाने. 100 युरोंवर 750 कोरुना गेले. ज्या दुकानात खरेदी आणि विक्रीच्या दरात एवढी दरी आहे तिथून काही न बोलता निघावं. नोट काचेखाली सरकवण्याआधी एकच प्रश्न: "100 युरो दिले तर हातात नेमके किती कोरुना?" आकडा कागदावर लिहून मागा. चेक नॅशनल बँकेचा त्या दिवसाचा दर फोनवर दिसतो, त्याच्याशी ताडून बघा.

एवढं करूनही फसलात तर हे लक्षात ठेवा. 1 एप्रिल 2019 पासून तिथल्या कायद्याने 1000 युरोंपर्यंतचा रोख व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. कारण सांगावं लागत नाही. पावती आणि मिळालेले सगळे कोरुना घेऊन त्याच दुकानात परत जायचं. त्यामुळे पावती बॅगेत जपायची आणि त्या पैशांतून लगेच कॉफी प्यायची नाही. वेळ पावतीवरच्या घड्याळाप्रमाणे मोजायची. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर पोलिसांचा नंबर 158. नंबर नुसता उच्चारला तरी काम होण्याची शक्यता बरी असते.

दुकानाबाहेर "आतल्यापेक्षा चांगला भाव देतो" म्हणणारा माणूस भेटला तर हा कायदा कामाला येत नाही, कारण त्याच्याकडे परवाना नाही, पावती नाही आणि पाच मिनिटांनी तो स्वतःही तिथे नाही. तो बल्गेरियाच्या 1999 आधीच्या किंवा बेलारूसच्या 2016 आधीच्या रद्द नोटा देतो. आकडे मोठे, किंमत रद्दीची. चालू चेक नोटा सहाच आहेत: 100, 200, 500, 1000, 2000 आणि 5000. प्रत्येकीवर 'चेस्का नारोद्नी बांका' छापलेलं असतं. लिपी रोमन आहे, रशियन वळणाची अक्षरं दिसली की समजून जा.

एटीएमचा सापळा वेगळा. जुन्या शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर बँकेच्या शाखेपासून दूर, एकटी मशीनं उभी आहेत. ती सुरुवातीलाच मोठ्या रकमा सुचवतात आणि शेवटी विचारतात की रक्कम तुमच्या कार्डाच्या चलनात बदलून घ्यायची का. 'हो' दाबलंत तर दर मशीनवाला ठरवतो आणि तो दहा टक्क्यांहून वाईट असू शकतो. 'विदाऊट कन्व्हर्जन' किंवा 'डिक्लाइन' दाबायचं. नकार दिला म्हणून व्यवहार रद्द होत नाही, पैसे येतात. भीतीपोटी 'हो' दाबणारेच जास्त. बँकेच्या भिंतीतल्या मशीनवरही हाच प्रश्न येऊ शकतो आणि उत्तरही तेच. दुकानातल्या कार्ड मशीनवर युरो की कोरुना असं विचारलं तर कोरुना. खरं तर दोन दिवसांना रोख फार लागतच नाही. ट्रॅममध्येसुद्धा कार्ड टेकवून तिकीट निघतं आणि त्यावर वेळ आपोआप छापली जाते. मशीनमधून काढलेलं कागदी तिकीट मात्र पिवळ्या डबीत शिक्का मारल्याशिवाय चालू होत नाही. मेट्रोला अडवणारी फाटकं नाहीत, म्हणून शिक्का विसरतो आणि दंड होतो. खरा तपासनीस बिल्ला दाखवतो, दंडाची पावती देतो.

जे फुकट आहे त्याचं तिकीट कुणी विकलं तर घेऊ नका. चार्ल्स पूल, किल्ल्याची आवारं, वालेनश्टाइन बाग (मोर आहेत, ऑक्टोबरअखेर बंद होते) इथे पैसे लागत नाहीत. तिकीट लागतं ते पुलाच्या बुरुजाला, किल्ल्यातल्या कॅथेड्रलच्या आतल्या भागाला. शनिवारी ज्यू वस्तीची 'संपूर्ण' सहल विकणाऱ्याला आधी विचारा की आत प्रवेश आहे का. शनिवारी आणि ज्यू सणांना तिथलं ज्यू संग्रहालय बंद असतं, त्यातली जुनी दफनभूमीही. शरद ऋतूत हे सण ओळीने येतात. शनिवारच्या सहलीत भिंती तेवढ्या दिसतात.

आणि जुन्या शहराच्या चौकातल्या टपऱ्यांवर निखाऱ्यावर फिरणारं डुकराचं मांस. पाटीवरची किंमत थाळीची वाटते, पण असते 100 ग्रॅमची, आणि विक्रेता विचारल्याशिवाय सहज 300-400 ग्रॅम कापतो. सुरी चालण्याआधी 'देसेत देका' म्हणा, म्हणजे दहा डेकाग्राम, अर्थात 100 ग्रॅम. मग वजनकाट्याकडे बघा.