चपलेच्या सोल्युशनवर चाललेला जीपीएस: आठ महिन्यांचा अनुभव

स्पेक्स सगळीकडं मिळतात, ते लिहीत बसत नाही. पन्हाळ्याच्या पलीकडच्या पायवाटा ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनीच मिळून बनवलेला इंटरनेटवरचा फुकट नकाशा) चढवायच्या म्हणून मार्चमध्ये बटणवालं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं, हातात धरायचं जीपीएस मशीन घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही.

तर पट्टा. मशीनच्या कडेनं रबरी पट्टा असतोय, बटणं त्याच्याच खाली. मे महिन्यात बाईकच्या हँडलला लावून गगनबावडा करून आलो आणि घरी बघतोय तर पट्टा एका बाजूनं सुटलाय, आत नुसता चिकटा. मशीन चालू आहे, सॅटेलाइट पकडतंय, फक्त झूम दाबायला गेलं की पट्टाच सरकतोय. सर्व्हिसवाल्यांना तीन मेल, दोन फोन. उत्तर काय, तर पट्टा वेगळा मिळत नाही, युनिट बदलून घ्या, आणि त्याचे पैसे नव्या मशीनच्या निम्म्याच्या वर. एका रबराला! वर म्हणे वॉरंटीत बसत नाही, वापरामुळं झालंय. अहो, वापरायलाच घेतलंय की, देव्हाऱ्यात ठेवायला नाही.

शेवटी कोल्हापूरच्या चप्पल लाइनमधल्या, चपला दुरुस्त करणाऱ्या एका मामांकडं नेलं. त्यांनी जुना चिकटा खरवडला, सोल्युशन लावून वाळू दिलं, पट्टा बसवून वरनं सुतळी गुंडाळली. तीस रुपये. "पर पाव्हणं, उन्हात गाडीवर ठेवू नगा, परत सुटंल." तीन मेलमध्ये हे एक वाक्य कुणी सांगितलं नव्हतं.

इथवरचं जूनमध्येच लिहून ठेवलेलं आणि शेवटी होतं, घेऊ नका, मोबाईल बास आहे. ते खोडलं. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चाललो, मसाई पठारावर धुकं आणि आडवा पाऊस, मोबाईलच्या स्क्रीनवर थेंब पडले की नकाशा आपोआप पळायचा, बोटाला मात्र दाद नाही, आणि खोतवाडीच्या अलीकडंच बॅटरी गेली. ह्या मशीनला ओल्या हातानं बटण दाबत गेलो, प्रत्येक फाट्याला, झऱ्याला वेपॉइंट, म्हणजे त्या जागेची खूण. सेल संपले की पिशवीतले दुसरे घातले, विषय संपला. म्हणून घेताना टचस्क्रीन आणि आतली बॅटरी ह्या दोन्हींच्या नादाला लागू नका, निदान आपल्या पावसात तरी.

रिचार्जेबल सेल घालत असाल तर सेटिंगमध्ये बॅटरी टाइप बदला, ते 1.2 व्होल्टचे असतात, अल्कलाइन 1.5 चे, न बदलल्यानं माझं मशीन सेल भरलेले असताना बोंब मारायचं आणि मी पहिले दोन महिने सेलवाल्याला शिव्या देत होतो. ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची रेघ, ऑटोवर ठेवला तर घाटातली वळणं खातंय, मी दर 5 सेकंदाला नोंद करायला लावलंय. चहाला थांबलात तर रेकॉर्डिंग बंद करा, नाहीतर टपरीजवळ रेघांचं भेंडोळं होतंय आणि घरी ते पुसत बसायचं. पांढरपाणीकडच्या झाडीत रेघ बरीच हलते, जाता-येता दोन ट्रॅक घेतले की खरी वाट मधे सापडते.

आणि हो, पट्टा परवा दुसऱ्या बाजूनं उचकटला. ह्या वेळी गाडीवर नव्हता, खिशात होता! रविवारी परत मामांकडं. बायकोच्या चपलेचा अंगठाही तुटलाय, दोन्ही मिळून पन्नासात बसतंय का बघतो.