एएसपीआरएस, जीआयएसपी की नुसता पोर्टफोलिओ? मॅपिंगमधल्या पुणेकरांसाठी तुलना

हिंजवडी, खराडी, बाणेरच्या ऑफिसांत बसून अमेरिकेतल्या एखाद्या काउंटीचा लायडार (लेझरने मोजलेले उंचीचे बिंदू) जमीन, झाड, इमारत असा क्लासिफाय करणारे, स्टिरिओवर, म्हणजे फोटोंच्या जोडीतून दिसणाऱ्या त्रिमितीत, रस्त्याच्या कडा उचलणारे, ऑर्थोच्या (नकाशाच्या मापात बसवलेल्या हवाई फोटोंच्या) सीमलाइन, म्हणजे सांधे, दुरुस्त करणारे बरेच जण आपल्या शहरात आहेत. चार-पाच वर्षं झाली, टीम लीडपर्यंत पोचलं, की त्यांच्यापैकी अनेकांना एकच प्रश्न पडतो: आता एखादं प्रोफेशनल सर्टिफिकेशन करावं का, आणि केलं तर कुठलं, एएसपीआरएस या अमेरिकन संस्थेचं की जीआयएसपी हे जीआयएसवाल्यांचं (संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती सांभाळणाऱ्यांचं)? माझ्या मते याचं उत्तर तुमचं काम शेवटी कोणाच्या हातात जातं यावर ठरतं. अभ्यासक्रम कुठला सोपा, फी कुठे कमी, हे त्यानंतर बघायचं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. ही सगळी सर्टिफिकेशन ऐच्छिक आहेत. ती परवाना देत नाहीत. अमेरिकेत काही राज्यांत फोटोग्रामेट्रीचं, म्हणजे फोटोंवरून मोजमाप करण्याचं, काम सर्व्हेअरच्या परवान्याखाली येतं, पण तो परवाना त्या राज्याचं मंडळ देतं. आपल्याकडे जमिनीची अधिकृत मोजणी भूमी अभिलेख खात्याची. त्या खात्याचं मुख्यालय पुण्यातच आहे, तरीही तुमच्याकडे कितीही मोठं प्रमाणपत्र असलं म्हणून तुमचा ड्रोनचा नकाशा मोजणीची ‘क’ प्रत होत नाही. ड्रोन उडवण्याचंही तसंच. ड्रोन नियम 2021 नुसार व्यावसायिक कामासाठी नॅनोपेक्षा मोठा ड्रोन उडवायचा तर डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) मान्यता दिलेल्या संस्थेतून रिमोट पायलट सर्टिफिकेट घ्यावंच लागतं. दहावी पास, वय 18 ते 65, मुदत 10 वर्षं. हा कायदा आहे. त्याशिवाय लोहगाव विमानतळ आणि खडकवासल्याची एनडीए जवळ असल्यामुळे पुण्यात कुठेही उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय या ऑनलाइन ड्रोन-नकाशातला झोन बघावा लागतो, तो भाग वेगळा. ड्रोन मॅपिंगचं परदेशी सर्टिफिकेशन या दोन्हींची जागा घेत नाही.

आता मुख्य तुलना. एएसपीआरएस ही अमेरिकेतली फोटोग्रामेट्री आणि रिमोट सेन्सिंगची संस्था 1934 सालची. तिच्याकडे फोटोग्रामेट्री, रिमोट सेन्सिंग, जीआयएस, लायडार आणि ड्रोन अशा वेगवेगळ्या शाखांत सर्टिफिकेशन मिळतं, आणि प्रत्येक शाखेत दोन पातळ्या आहेत. वरच्या पातळीला, म्हणजे सर्टिफाइड फोटोग्रामेट्रिस्ट किंवा मॅपिंग सायंटिस्ट व्हायला, 6 वर्षांचा अनुभव लागतो आणि त्यातली 3 वर्षं जबाबदारीच्या पदावरची असावी लागतात. टेक्नॉलॉजिस्टच्या पातळीला एकूण 3 वर्षांचा अनुभव चालतो. दोन्हीकडे लेखी परीक्षा आहे. वरच्या पातळीला परीक्षेइतकंच वजन अनुभवाच्या तपशिलाला आणि तुमचं काम जवळून पाहिलेल्या जबाबदार व्यक्तींच्या शिफारशींना असतं.

जीआयएसपी देते जीआयएससीआय ही संस्था. 2004 च्या सुमारास हे सुरू झालं तेव्हा नुसत्या पोर्टफोलिओवर मिळायचं. 2015 पासून परीक्षा आली. अट आहे 4 वर्षांच्या पूर्णवेळ अनुभवाची, शिवाय शिक्षण आणि व्यवसायाला दिलेलं योगदान यांचे गुण. योगदान म्हणजे परिषदेत पेपर वाचणं, संघटनेत काम करणं, कोणाला शिकवणं, स्वयंसेवा. हा भाग पुण्यातल्या नोकरदारांना सर्वांत अडचणीचा जातो, कारण शिफ्ट सांभाळून असलं काही करण्याची सवय आपल्या ऑफिसांनी लावलेलीच नाही. तुम्हाला जीआयएसपी करायचं असेल तर आजपासून सुरुवात याच भागाने करा. परीक्षेची तयारी काही महिन्यांत होते, योगदान मात्र मागच्या तारखेने भरता येत नाही.

दोघांच्या परीक्षेचा स्वभावही निराळा आहे. जीआयएसपीत विस्तार मोठा: डेटाबेस, नकाशाची मांडणी, अॅनालिसिस, प्रोजेक्शन, प्रकल्प चालवणं, आचारसंहिता. एएसपीआरएस मोजमापाच्या मुळाशी जाते. कॅमेरा कॅलिब्रेशन, एरियल ट्रायअँग्युलेशन (एकमेकांवर येणारे फोटो जोडून त्यांची नेमकी जागा काढणं), मोजमापातल्या चुकांचा हिशेब. माझा कल एएसपीआरएसकडे आहे, आणि त्याचं कारण एका उदाहरणाने सांगतो.

समजा शिरूरकडच्या उसाच्या पट्ट्यात ड्रोनने सर्व्हे केला. रिपोर्टमध्ये चेक पॉइंटचा (पडताळणीसाठी जागेवर वेगळे मोजलेल्या बिंदूंचा) उंचीतला आरएमएसई, म्हणजे सरासरी चुकीचं माप, 4 सेंटीमीटर आला. क्लायंट खूश. पण चेक पॉइंट कुठे घेतले ते बघितलं तर सगळेच्या सगळे डांबरी रस्त्यावर. कारण सोपं: डीजीपीएस (अचूक मोजणीचं जीपीएस) घेऊन उसात कोण शिरणार? फोटोत दिसतात ती उसाची पानं, त्यामुळे शेतातली उंची जमिनीची नसून पिकाच्या शेंड्याची आहे, आणि 4 सेंटीमीटर हा आकडा फक्त रस्त्यापुरता खरा आहे. या सर्व्हेवरून कोणी चारी काढली किंवा पाण्याचा उतार ठरवला, तर तो फसणार. एएसपीआरएसची अचूकतेची जी मानकं आहेत, त्यांत झाडी नसलेल्या आणि झाडी असलेल्या भागाची उंचीतली अचूकता वेगवेगळी तपासायला सांगितलं आहे. 2023 च्या दुसऱ्या आवृत्तीत चेक पॉइंटची किमान संख्या 20 वरून 30 वर नेली, आणि मोजलेल्या चेक पॉइंटमध्ये स्वतःची जी चूक असते तीही अंतिम आकड्यात धरायला लावली. या परीक्षेचा अभ्यास केलेला माणूस रिपोर्टमधला आकडा वाचताना आधी विचारतो, पॉइंट कुठे होते? पुण्यातल्या कामात मला या प्रश्नाची उणीव फार जाणवते.

अमेरिकन काम करणाऱ्यांना आणखी एक प्रत्यक्ष फायदा आहे. तिथे सर्व्हे फूट आणि इंटरनॅशनल फूट अशी दोन फुटं वर्षानुवर्षं चालली. 2022 च्या अखेरीस सर्व्हे फूट अधिकृतपणे बंद झालं, पण जुना डेटा त्यातच आहे. दोन्हींतला फरक 10 लाखांत 2 एवढाच. स्टेट प्लेनमध्ये (अमेरिकेतल्या राज्यांच्या कोऑर्डिनेट पद्धतीत) कोऑर्डिनेट 20 लाख फुटांच्या घरात असेल तर तेवढ्यानेच नकाशा 4 फूट सरकतो. सॉफ्टवेअरमधला एक ड्रॉपडाउन चुकला आणि आठवड्याची डिलिव्हरी परत आली, असं होतं. तसंच त्यांच्या सरकारी लायडारची क्यूएल2 ही दर्जाची पातळी: चौरस मीटरला किमान 2 पॉइंट, उंचीतला आरएमएसई 10 सेंटीमीटर. रोज ज्या स्पेसिफिकेशनवर आपण काम करतो ती का ठरली, हे या अभ्यासात कळतं.

याच्या उलट बाजूही आहे. काम भारतातलं असेल तर या परीक्षांमधला कायद्याचा आणि मानकांचा भाग फारसा उपयोगी पडत नाही. फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आडव्या दिशेत 1 मीटर आणि उंचीत 3 मीटरपेक्षा बारीक डेटा तयार करण्याचा आणि बाळगण्याचा अधिकार भारतीय संस्थांनाच आहे. हे आणि 2022 चं राष्ट्रीय जिओस्पेशियल धोरण वेगळं वाचावंच लागतं. आपल्या सरकारी निविदांमध्ये माणसाची पात्रता बहुधा पदवी आणि अनुभवाची वर्षं यांवरच मोजतात. महापालिकेच्या मिळकतकर सर्व्हेसाठी किंवा भूजल सर्वेक्षणासाठी काम करणार असाल, तर जीआयएसपीची अक्षरं नावापुढे असल्याने निविदा जिंकाल अशी आशा ठेवू नका.

दुबई, दोहाकडे डोळा असेल तर ब्रिटनच्या आरआयसीएस या सर्व्हेअरांच्या संस्थेचं सदस्यत्व बघा. त्यात जिओमॅटिक्सचा (भूमापन आणि मॅपिंगचा) वेगळा मार्ग आहे आणि शेवटी तासाभराची मुलाखत असते. एझ्री या जीआयएस सॉफ्टवेअर कंपनीची सर्टिफिकेशन ही तिच्या सॉफ्टवेअरवरची हातोटी दाखवतात. नोकरी बदलताना कामाला येतात, पण वरच्या दोघांच्या पंक्तीत बसत नाहीत. डेहराडूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या संस्थेचे मोफत ऑनलाइन कोर्स मात्र मी प्रत्येकाला सांगतो. ते कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र देतात, व्यावसायिक सर्टिफिकेशन नव्हे, पण आपल्या उपग्रहांचा डेटा इतक्या सहज कोणी शिकवत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीवर ढग असताना ऑप्टिकल प्रतिमा निरुपयोगी होते, मग रडार घ्यावं लागतं, आणि रडारमध्ये घाटाचे रडारकडे तोंड असलेले उभे उतार आडवे का पडतात आणि पलीकडचे सावलीत का जातात, हे कळायला हे कोर्स पुरेसे आहेत.

तेव्हा निवड अशी करा. तुमचं काम मोजमापाचं असेल, म्हणजे ट्रायअँग्युलेशन, लायडार, ऑर्थो, आणि क्लायंट अमेरिकेतला असेल, तर 3 वर्षांनंतर एएसपीआरएसचं टेक्नॉलॉजिस्ट करा आणि जबाबदारीचं पद मिळाल्यावर वरची पातळी. युटिलिटी, डेटाबेस, एंटरप्राइज जीआयएसमध्ये असाल आणि परदेशी जायचा विचार पक्का असेल, तर जीआयएसपी. सिंबायोसिसमधून किंवा विद्यापीठातून जिओइन्फॉर्मेटिक्स करून नुकतेच बाहेर पडला असाल, तर दोन्ही सोडा. अनुभवाची अट पूर्ण होईपर्यंत मुळा-मुठेच्या पूररेषेवर किंवा आपल्या तालुक्यातल्या तलावांवर एक स्वतःचा प्रकल्प करा, आणि त्यात अचूकता कशी तपासली ते प्रामाणिकपणे लिहा. मुलाखत घेणारा तेच पान आधी उघडतो.

अर्जाआधी दोन कामं करून ठेवा. एक, प्रत्येक प्रकल्पाची नोंद: तारखा, तुमची नेमकी भूमिका, कोणते निर्णय तुम्ही घेतले. गोपनीयतेच्या करारामुळे क्लायंटचं नाव लिहिता येतं का हे मॅनेजरकडून आधीच विचारून घ्या. जुने सर, मॅडम नोकरी सोडून गेले की शिफारस मिळवणं अवघड होतं, म्हणून त्यांच्याशी संपर्क तुटू देऊ नका. दोन, कंपनीशी फीबद्दल बोला. फी डॉलरमध्ये जाते, शिवाय सर्टिफिकेशन कायमचं नसतं. एएसपीआरएसची वरची पातळी 5 वर्षांनी आणि जीआयएसपी 3 वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि तेव्हाही मधल्या काळात काय शिकलात ते दाखवावं लागतं. कंपनी तुमचं नाव प्रस्तावात वापरणार असेल तर नूतनीकरणाचा खर्च तिने उचलावा, हे पहिल्या दिवशीच लेखी मागा.